रायबाचे पुढे काय झाले?

कोंढाण्याची कथा माहीत नाही असा मराठी वाचक सापडणे कठीण. घरात मुलाचे लग्न निघालेले, बाप आमंत्रणाच्या अक्षता घेऊन राजाकडे गेलेला, तेथे किल्ल्याची गोष्ट निघते आणि बाप मुलाचे लग्न बाजूला ठेवून मोहिमेचा विडा उचलतो. पुढची चढाई, रात्रीची झुंज, तुटलेली ढाल, दोघा वीरांचा एकाच वेळी मृत्यू आणि राजाचा शोक हे सारे आपल्याला शाळेपासून पाठ असते. परंतु ज्याचे लग्न थांबले तो मुलगा कथेच्या पहिल्याच प्रवेशात रंगमंचावरून निघून जातो. त्याचे काम एवढेच की त्याचे लग्न असावे आणि ते मोडावे, म्हणजे बापाच्या त्यागाला माप मिळावे. वाङ्मयीन रचनेच्या दृष्टीने यात वावगे काही नाही. वीरकथेत दुय्यम पात्रे अशीच खर्ची पडतात. आमचे कुतूहल मात्र त्या मुलापाशीच अडून राहिले. रायबाचे पुढे काय झाले?

या प्रश्नाचे उत्तर एखाद्या ग्रंथात शोधण्यापेक्षा नकाशावर शोधणे सोपे आहे. कोल्हापूर जिल्ह्याच्या अगदी दक्षिण टोकाला चंदगड तालुका आहे. ताम्रपर्णी आणि घटप्रभा यांच्या पाण्याचा, पश्चिमेकडे धो धो पावसाचा आणि पूर्वेकडे बेळगावच्या सपाटीला मिळणारा हा मुलूख. त्याच्या पश्चिम कडेवर, जेथे सह्याद्री एकदम तळकोकणात आणि गोव्याच्या दिशेने कोसळतो, तेथे ईसापूर आणि मिरवेल या गावांच्या वर पारगड उभा आहे. किल्ल्याची उभारणी साधारणतः इ.स. १६७६ ची मानली जाते आणि त्याचा पहिला किल्लेदार म्हणून परंपरा रायबा मालुसरे याचे नाव सांगते. गडावर आजही वस्ती आहे आणि त्या वस्तीत मालुसरे आडनावाची घरे आहेत. तानाजीच्या बाजूने लढणाऱ्या शेलारमामांचे वंशज म्हणवणारी घरेही तेथेच आहेत.

गड आकाराने मोठा नाही. माथा पन्नास एकरांच्या आतबाहेर. तटबंदीपेक्षा निसर्गाने तासलेल्या कड्यांवर भिस्त अधिक. खालून वर यायला साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या. त्या संपताना मारुतीचे देऊळ. माथ्यावर भवानीचे मंदिर, चार तळी — गणेश, महादेव, फाटक आणि गुंजन — आणि घरांच्या मधून जाणाऱ्या वाटा. दुर्गस्थापत्याच्या अभ्यासकाला येथे रायगडाची भव्यता सापडणार नाही, पन्हाळ्याचा तीन दरवाजाही नाही. पन्हाळ्याचे नाव येथे मुद्दाम घेतले. कोल्हापूरकरांना 'प्राचीन राजपीठ' म्हटले की शिलाहार भोजाचा पन्हाळाच आठवतो, पराशरऋषींची आणि नागांची कथा आठवते. पारगडाला असे पौराणिक कूळ नाही. त्याच्या मागे उभी आहे ती साडेतीन शतकांपूर्वीची एकच कथा, आणि तीही दुसऱ्याच गडावर घडलेली. सिंहगडापासून पारगड पावणेतीनशे किलोमीटर दूर आहे. ज्या वर्षी तो बांधला गेला असे मानतात, त्याच्या सहा वर्षे आधीच तानाजी गेलेला होता. येथे त्याचा पाय लागणे शक्य नव्हते. तरीही तानाजीची कथा जर कोठे राहते असे म्हणायचे असेल, मुक्काम करून राहते या अर्थाने, तर ती येथे राहते. हे कसे घडले, हाच या लेखाचा विषय.

आधी कथेकडे पाहू. ४ फेब्रुवारी १६७० ला, माघ वद्य नवमीच्या रात्री, कोंढाणा मराठ्यांनी घेतला. उदेभान आणि तानाजी दोघेही पडले. जेधे शकावलीत ही घटना एका नोंदीपुरती येते. सतराव्या शतकाच्या अखेरच्या दशकात जिंजीला बसून बखर लिहिणारा कृष्णाजी अनंत सभासद ती अधिक विस्ताराने सांगतो. त्याच्याकडे कडा चढणारे मावळे आहेत, ढाल तुटल्यावर हाताची ढाल करणारा तानाजी आहे, धनी पडल्यावर फौज सावरणारा सूर्याजी आहे, खूण म्हणून पेटवलेल्या पागा आहेत. घोरपड नाही. लग्नही नाही. ही दोन्ही येतात ती तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यातून. सकाळी केस विंचरता विंचरता जिजाबाईंच्या नजरेस कोंढाणा पडतो, त्या महाराजांना बोलावून घेतात आणि सोंगट्यांच्या डावात तो किल्ला पणात जिंकतात. उदेभान तेथे माणूस राहत नाही. गाई-मेंढ्या फस्त करणारा, अठरा बायकांचा धनी असा कोणी दैत्यच होतो. ऐंशी वर्षांचे शेलारमामा तलवार परजतात. आणि मध्यभागी ते थांबलेले लग्न.

हॅरी आक्वर्थ या मुंबईतील इंग्रज अधिकाऱ्याने शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ मध्ये ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला आणि १८९४ मध्ये निवडक पोवाड्यांचे इंग्रजी पद्य रूपांतर प्रसिद्ध केले. (वडाळ्याच्या कुष्ठरोग रुग्णालयाला ज्यांचे नाव आहे ते आक्वर्थ हेच.) गोंधळ्यांच्या तोंडी असलेली कथा येथे प्रथम छापील ग्रंथात स्थिर झाली. मग १९०३ मध्ये हरि नारायण आपट्यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी आली. आपट्यांनी कमलकुमारी नावाची रजपूत युवती आणून उदेभानाला प्रणयकथेतील खलनायक बनवले. १९२३ मध्ये कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी 'सिंहगड' हा मूकपट काढला, १९३३ मध्ये प्रभातने बोलपट काढला, आणि २०२० च्या हिंदी 'तान्हाजी'ने ही कथा मराठी येत नसलेल्या कोट्यवधी प्रेक्षकांपुढे नेली. प्रत्येक वेळी उदेभान वाढत गेला, घोरपड वाढत गेली. रायबा जेथे होता तेथेच राहिला.

सिंहगड हे नाव तानाजीच्या मृत्यूवरून पडले, ही सार्वत्रिक समजूतही याच वाढीचा भाग आहे. १६७० च्या आधीच्या पत्रव्यवहारातही ते नाव आढळते, हे इतिहास-संशोधकांनी फार पूर्वी दाखवून दिले. त्याने कथेच्या लोकप्रियतेत रतिभर फरक पडला नाही. पडायचे कारणही नव्हते.

कथा आणि टेकडी यांचे नाते नेमके कसे असते, यावर विचार करायचा तर युरोपच्या एका कोपऱ्यात थोडे जाऊन यावे लागेल. उत्तर आयर्लंडमध्ये आर्मा या गावाच्या पश्चिमेला तीनएक किलोमीटरवर नॅव्हन फोर्ट नावाची एक बुटकी टेकडी आहे. प्राचीन आयरिश वाङ्मयातील एमेन माखा ती हीच. अल्स्टरच्या राजांचे पीठ. कोनखोवर राजाचा दरबार, त्याचे लाल शाखेचे योद्धे आणि त्यांचा शिरोमणी कू खुलिन यांच्या साऱ्या कथा या टेकडीभोवती फिरतात. त्यांतील मुख्य कथा एका गोग्रहणाची आहे. कॉनाख्ट प्रांताची राणी मेव एका बैलासाठी अल्स्टरवर चालून येते. अल्स्टरचे सारे वीर त्या वेळी अंथरुणाला खिळलेले असतात आणि एकटा पोरसवदा कू खुलिन सीमेवर सैन्य अडवून धरतो. आपल्या वाचकांना विराटपर्व आठवेल. तेथेही राजधानीवर आलेल्या धाडीला सामोरे जायला घरात एक राजपुत्र आणि एक वेषांतरित सारथी उरलेला असतो.

ही कथा सांगणारी सर्वांत जुनी उपलब्ध पोथी इ.स. ११०० च्या सुमाराची. टेकडीवरचे वैभव त्याच्या हजार वर्षे आधीचे. मधल्या काळात टेकडी ओस पडली होती. इ.स. ८०० च्या सुमारास संतांची दिनावली रचणारा एक आयरिश कवी तर एमेनचा कोट नाहीसा झाला, दगड तेवढे उरले, आणि मठ मात्र माणसांनी गजबजले, असे समाधानाने नोंदवतो. त्याच मठांतल्या भिक्षूंनी पुढे त्या ओसाड टेकडीच्या कथा लिहून ठेवल्या. बाराव्या शतकातील एका पोथीच्या लेखकाने शेवटी दोन टिपा जोडल्या आहेत. आयरिश भाषेतील टिपेत, ही कथा जो कोणी बदल न करता तोंडपाठ करील त्याला तो आशीर्वाद देतो. लॅटिन टिपेत, आपला या इतिहासावर किंवा कल्पितावर विश्वास नाही, यात काही सैतानाची फसवणूक आहे, काही कविकल्पना, आणि काही मूर्खांच्या करमणुकीचा माल, असे बजावतो. कथेची भाषा एक, विद्वत्तेची दुसरी. दोन्ही एकाच माणसाच्या हातची. आपल्याकडील कित्येक इतिहासकारांनी पोवाड्यांच्या संपादनाला जोडलेल्या प्रस्तावना वाचताना आम्हांला त्या भिक्षूची आठवण होते.

केनेथ जॅक्सन या विद्वानाने १९६४ मध्ये केंब्रिज येथील व्याख्यानात असे मांडले की या कथा म्हणजे लोहयुगात उघडणारी खिडकी आहे. रथ, गोधनाची लूट, वीरांची बढाई हे सारे ख्रिस्तपूर्व समाजाचे खरे चित्र आहे. त्याच सुमारास, १९६३ पासून १९७१ पर्यंत, डडली वॉटरमन यांनी टेकडीवर उत्खनन केले. त्यांना राजवाडा सापडला नाही. सापडली ती चाळीस मीटर व्यासाची लाकडी खांबांची वर्तुळाकार वास्तू. तिच्या मधल्या ओकच्या खांबाच्या वर्षवलयांवरून तो इ.स.पू. ९५ च्या सुमारास तोडलेला ठरला. ही वास्तू राहण्यासाठी बांधलीच नव्हती. बांधून झाल्यावर ती आतून दगडांनी भरली, मग लाकूडकाम पेटवून दिले, मग साऱ्यावर मातीच्या ढेपांची टेकडी रचली. भोवतालचा खंदक बांधाच्या आतल्या बाजूला आहे. म्हणजे संरक्षणासाठी तो निरुपयोगी. आणि त्या मातीत एका माकडाची कवटी मिळाली. असले माकड उत्तर आफ्रिकेत सापडते. कोणा राजाने कोणा राजाला पाठवलेली ती भेट असावी. कथांमध्ये मात्र माकडही नाही आणि जाळलेली वास्तूही नाही. पुढे जे. पी. मॅलरी यांनी कथांतील तलवारींची वर्णने तपासली, तेव्हा ती लोहयुगातल्या आखूड तलवारींशी जुळेनात. ती लेखकांच्या स्वतःच्या मध्ययुगातील लांब तलवारींशी जुळली. जॅक्सन यांची खिडकी बरीचशी आरसा निघाली.

पण एक गोष्ट उत्खननाला खोडता आली नाही. टेकडीच्या शेजारच्या एका गावठाणाचे नाव आजही क्रीव्हरो आहे. मूळ आयरिशमध्ये त्याचा अर्थ 'लाल शाखा'. म्हणजे ग्रंथ, माती आणि माणसांच्या तोंडातील नावे या तीन ठिकाणी एमेन माखाची स्मृती वेगवेगळ्या स्वरूपात राहिली आणि तिन्हींचा आपसात मेळ बसत नाही. १९८० च्या दशकात तेथील चुनखडीची खाण टेकडीच्या अंगाला येऊन भिडली तेव्हा १९८५ मध्ये सार्वजनिक चौकशी झाली आणि खाणीचा विस्तार रोखला गेला. टेकडी वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्यांत पुरातत्त्वज्ञ होते तसे कथांवर प्रेम करणारेही होते. तलवारी जुळत नाहीत म्हणून कोणी घरी बसले नाही.

आता चंदगडला परत येऊ. एमेन माखाच्या शेजारी ठेवून पाहिले की पारगडाचे वेगळेपण डोळ्यांत भरते. तेथे कथा जेथे घडल्या असे म्हणतात ती भूमी शिल्लक आहे, पण माणसांची साखळी तुटलेली आहे. कोनखोवरचा वंशज मी, असे म्हणत त्या टेकडीवर कोणी राहत नाही. येथे कथा जेथे घडली ती भूमी दूर राहिली आणि माणसांची साखळी मात्र इकडे चालत आली. एमेन माखात कथेला टेकडी आहे; पारगडावर कथेला घरे आहेत.

कू खुलिनच्या नावाची गोष्ट या संदर्भात मोठी बोलकी आहे. त्याचे मूळ नाव निराळे. कूलन नावाच्या लोहाराचा राखणदार कुत्रा त्याने लहानपणी स्वसंरक्षणार्थ मारला, आणि त्या कुत्र्याचे पिल्लू मोठे होईपर्यंत तुझ्या घराची राखण मी करीन असे वचन दिले. म्हणून तो 'कूलनचा श्वान' झाला. वीराचे नाव पराक्रमावरून पडलेले नाही. पहाऱ्यावरून पडले आहे. आणि त्या पहाऱ्याला मुदत आहे.

पारगडची परंपरा सांगते की शिवाजीमहाराजांनी गडकऱ्यांना आज्ञा केली: आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर गड जागता ठेवा. गडावरील लोक हे वाक्य निरनिराळ्या शब्दांत सांगतात, आशय एकच. ही आज्ञा शब्दशः ऐतिहासिक आहे काय, असा प्रश्न विद्यार्थी विचारतील आणि त्यांनी तो विचारावा. आम्ही त्याकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहतो. 'चंद्र-सूर्य असेपर्यंत' हा शब्दप्रयोग लोकगीताचा वाटतो, पण त्याचे कूळ दप्तरी आहे. ताम्रपटांत आणि दानपत्रांत 'आचंद्रार्क' हा शब्द शतकानुशतके येतो; दिलेली जमीन घेणाऱ्याच्या वंशात चंद्र-सूर्य असेपर्यंत चालावी, असे ते कलम. शिलाहारांपासून मराठ्यांपर्यंत दान देणाऱ्यांनी ही भाषा वापरली. म्हणजे पारगडच्या वस्तीने आपल्या कर्तव्याची आठवण ठेवली ती हक्काच्या कागदाच्या भाषेत. येथे एक चमत्कारिक उलटापालट झाली आहे. सनदेत चंद्र-सूर्य साक्षीला येतात ते मिळालेल्या जमिनीसाठी; पारगडावर ते येतात सोसायच्या पहाऱ्यासाठी.

याच ठिकाणी इतिहासाची एक खरी अडचणही पुढे येते. शिवाजीमहाराजांच्या दुर्गव्यवस्थेत वंशपरंपरेला थारा नव्हता. गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तीन बरोबरीचे अधिकारी, एकाने दुसऱ्यावर नजर ठेवावी, बदल्या व्हाव्यात, कोणाचे मूळ गडावर धरू नये, हे तिचे तत्त्व. न्यायमूर्ती रानड्यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात महाराजांच्या राज्यकारभाराचे वेगळेपण सांगताना वंशपरंपरागत अधिकारांना दिलेल्या या नकारावर भर दिला आहे. मग पारगडची किल्लेदारी एका घराण्यात चंद्र-सूर्य असेपर्यंत कशी? आमच्या मते येथे दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. अधिकारपद आणि वस्ती. किल्लेदार बदलतो. गडाच्या घेऱ्यात आणि माथ्यावर राहून पहारा देणारे गडकरी मात्र कुटुंबकबिल्यासह बसवलेले असत, आणि त्यांना तेथेच कसण्यासाठी जमीन असे. पद गेले तरी माणसे राहतात. पिढ्या गेल्यावर राहिलेल्या माणसांनी आपल्या राहण्यालाच पदाचा मान दिला असावा. हा तर्क आहे. पण परंपरेला खोटे न ठरवता तिचे स्पष्टीकरण देणारा आहे.

रायबाच्या वयाचेही असेच. १६७० मध्ये त्याचे लग्न निघाले होते असे पोवाडा म्हणतो. त्या काळी मुलांची लग्ने कोणत्या वयात होत हे लक्षात घेता १६७६ मध्ये राज्याच्या दक्षिण सीमेवरच्या नव्या गडाचा कारभार हाती घेणारा रायबा मिसरूड फुटलेला तरुणच असणार. १६७५ मध्ये महाराजांनी फोंड्याचा किल्ला घेतला होता. पोर्तुगीजांचा गोवा समोर, वाडीचे सावंत बाजूला, मागे विजापूरकरांचा मुलूख; आणि स्वतः महाराज कर्नाटकाच्या दीर्घ मोहिमेच्या तयारीत. अशा जागी पितृछत्र हरपलेल्या कोवळ्या मुलाला धाडावे, यात राजाची कृपा जेवढी तेवढीच कठोरताही दिसते. बापाच्या बदल्यात मुलाला बक्षीस मिळाले, असे आपण सहज म्हणतो. बक्षीस होते ते राज्याच्या अगदी कडेवरच्या पहाऱ्याचे. 'पार' म्हणजे पल्याड, शेवट. स्वराज्याच्या पार टोकाचा म्हणून पारगड, अशी नावाची उपपत्ती सांगतात. (वडाच्या बुंध्याभोवती बांधतात तोही पारच, आणि गावाचे बसणे-उठणे त्याच्यावर. गडाच्या नावात हा अर्थ कोणी सुचवलेला नाही. पण आजच्या गडाला तोही शोभला असता.)

कडेवर असण्याचे नशीब पुढेही सुटले नाही. इंग्रजी अमलात चंदगडचा मुलूख बेळगाव जिल्ह्याला जोडलेला होता. १९५६ मध्ये राज्यपुनर्रचना झाली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, आणि त्यातून एकटा चंदगड तालुका वगळून मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात ठेवला गेला. सतराव्या शतकात जी सीमा तलवारीने राखली ती विसाव्या शतकात कायद्याच्या एका कलमाने आखली, आणि पारगड पुन्हा कडेवरच राहिला. एका अंगाला गोवा, एका अंगाला सिंधुदुर्ग, पूर्वेला कर्नाटक. चंदगडी बोलीत कोकणी आणि कानडीचे जे वळसे ऐकू येतात ते या भूगोलाचेच.

मराठी ऐतिहासिक कादंबरीच्या अभ्यासकांनी या मुलुखाकडे आणखी एका कारणासाठी लक्ष द्यायला हवे. 'स्वामी' आणि 'श्रीमान योगी' लिहिणारे रणजित देसाई याच चंदगड तालुक्यातील कोवाडचे. 'स्वामी' १९६२ ची. तिला १९६४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शनिवारवाडा आणि रायगड यांची जी चित्रे मराठी मध्यमवर्गाच्या मनात ठसली, ती ताम्रपर्णीच्या काठी बसून रेखाटलेली आहेत. आपल्या ऐतिहासिक कादंबरीची दृष्टी राजधानीवर खिळलेली असते. सिंहासन, दरबार, अंतःपुर आणि रणांगण यांच्या पलीकडे तिला सहसा काही दिसत नाही. सीमेवरच्या गडावर, लढाई नसलेल्या वर्षांत, माणसे काय करत होती? नाचणी पेरत होती, तळ्यांतला गाळ काढत होती, चार महिने पावसात कोंडून राहत होती, दसऱ्याला शस्त्रे पुजत होती. अशा आयुष्याला कथानक नसते. म्हणून रायबाची कादंबरी झाली नाही. आमच्या दृष्टीने मराठी ऐतिहासिक वाङ्मयातील ही एक खरी उणीव आहे. आपण त्याग सांगतो, त्यागाच्या दुसऱ्या दिवसापासून जे जगणे सुरू होते ते सांगत नाही.

आणि ते जगणे आता संपत चालले आहे. गडावर गाडीरस्ता पोहोचला त्याला फार वर्षे झालेली नाहीत; त्याआधीच्या पिढ्यांनी धान्याची पोती, आजारी माणसे आणि बाळंतिणी पायऱ्यांवरूनच चढवल्या-उतरवल्या. रस्त्याने सोय झाली. त्याच रस्त्याने मुले शिक्षणाला आणि नोकरीला बेळगाव, कोल्हापूर, पुणे, मुंबईकडे जातात, आणि त्यांना दोष देण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्या आम्हांला नाही. चंद्र-सूर्याचा हवाला देऊन कोणी कोणाच्या नातवाला पाण्याच्या आणि रोजगाराच्या टंचाईत बसवून ठेवू शकत नाही. २०२० च्या चित्रपटानंतर तानाजीच्या वंशजांचा गड म्हणून पारगडाची चौकशी वाढली. मालुसरे घराण्याकडे तानाजीची म्हणून जपलेली तलवार आणि महाराजांनी त्याच्या देहावर ठेवली असे सांगितली जाणारी माळ यांविषयी वर्तमानपत्रांत लेख आले. लोक तलवार पाहायला येतात. तलवार कोणत्याही वस्तुसंग्रहालयात ठेवता येते. ज्या घरात ती तीनशेहून अधिक वर्षे खुंटीवरून काढून पुसून पुन्हा ठेवली गेली, ते घर काचेच्या पेटीत मावत नाही.

नॅव्हनच्या टेकडीजवळ १९९३ मध्ये माहितीकेंद्र झाले. तेथे वेषभूषा केलेली माणसे पाहुण्यांना लोहयुगातील जीवन दाखवतात. चुलीवर शिजवतात, विणकाम करतात, कथा सांगतात. जेथे वस्ती उरलेली नाही तेथे असे करावे लागते, आणि ते लोक ते मनापासून करतात. पारगडावर चुली अजून खऱ्या आहेत. तेथील म्हातारी माणसे जे सांगतात — कोणते घर कोणाचे, कोणते तळे कशाने आटत नाही, कोणत्या कड्यावरून पूर्वी वाट होती, नवरात्रात पहिला मान कोणाचा — ते लिहून घेण्याचे काम चंदगड-गडहिंग्लजच्या महाविद्यालयांतील मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी हाती घ्यावे. बारावे शतक उजाडण्याची वाट पाहत हजार वर्षे थांबण्याची चैन आपल्याला नाही. पोवाड्याचा पाठभेद पुढेही तपासता येईल. तो छापलेला आहे.

लिहून घेताना एक गोष्ट मुद्दाम विचारावी, अशी आमची सूचना आहे. एमेन माखा हे नाव एका स्त्रीचे आहे. माखाला दिवस भरलेले असताना राजाने आपल्या घोड्यांशी धावायला लावले. ती जिंकली, शर्यतीच्या शेवटीच तिने जुळ्यांना जन्म दिला, आणि अल्स्टरच्या पुरुषांना संकटाच्या वेळी बाळंतवेणा येतील असा शाप दिला. मेव राणी चालून आली तेव्हा सारे वीर अंथरुणाला खिळले ते या शापाने. टेकडीचे नाव म्हणजे 'माखाची जुळी'. रायबाचे लग्न महाराजांनी नंतर स्वतः उभे राहून लावून दिले, असे परंपरा सांगते. ती नवरी पुढे या कड्यावर आली असेल, पहिल्या पावसाळ्यात खालचे सारे धुक्यात बुडालेले तिने पाहिले असेल. गडावरची मालुसऱ्यांची घरे जेवढी रायबाची तेवढीच तिची. आपल्या शाळेच्या धड्यात तिला नाव नाही. गडावरच्या एखाद्या आजीला ते ठाऊक असेल, तर आधी ते उतरवून घ्यावे.